जुनी रायफल, दाट जंगल आणि 'नो-गो' गेज

आपल्या कॉलेजात जुन्या यंत्राला नवं करण्याची एक ठरलेली पद्धत आहे. आधी पॉलिश पेपर मारायचा, मग रंगाचा डबा उघडायचा आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री 'मॉडिफाइड' असं नाव देऊन टेबलावर मांडायचं. एक्स्टर्नल येतात, "छान" म्हणतात, मार्क पडतात. त्या यंत्राचं मूळ काम काय होतं, त्यातलं काय झिजलंय, किती झिजलंय, हे कोणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. ही सवय किती घातक आहे हे समजायचं असेल तर लेथ किंवा पंपाचं उदाहरण पुरत नाही, कारण ते बिघडले तर फार तर जॉब वाया जातो. म्हणून मी जरा वेगळं उदाहरण घेतोय. झिजलेली जुनी रायफल, दाट जंगलातल्या शिकारीसाठी पुन्हा उभी करणं. इथे चूक झाली तर ती वापरणाऱ्याच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर होते.

शिकारीचं नाव काढलं की आपल्याकडे भुवया वर जातात, आणि ते योग्यच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्या देशात हौसेची शिकार संपली. ती संपली हे चांगलंच झालं, त्यावर माझा वाद नाही. पण हा प्रश्न सगळ्या जगात सारखा नाही. न्यूझीलंडचं बघा. तिथे माणूस पोचण्याआधी वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. एकोणिसाव्या शतकात युरोपातून गेलेल्या लोकांनी हौसेखातर तांबडी हरणं नेऊन सोडली. श्रीलंकेतून सांबर नेलं, १९०४ मध्ये हिमालयातला ताहर नेला. त्यांना खाणारा वाघ-बिबट्या तिथे नव्हताच. हरणं बेसुमार वाढली आणि जंगलातली खालची रोपटी फस्त करू लागली. शेवटी १९३० मध्ये सरकारने हरणांचं संरक्षण काढून घेतलं आणि हरणं मारायला चक्क पगारी माणसं नेमली. 'डिअर कलर' हा तिथे एक पेशाच झाला. बॅरी क्रंप नावाच्या अशाच एका कलरने १९६० मध्ये 'अ गुड कीन मॅन' हे पुस्तक लिहिलं आणि ते तिथे घरोघर पोचलं. आजही तिथल्या जंगलासाठी हरणांची संख्या आटोक्यात ठेवणं हे काम आहे, आणि त्या कामाचा मोठा भाग साधे परवानाधारक शिकारी करतात.

या माणसांच्या हातात वर्षानुवर्षं काय होतं? आपल्या एनसीसीच्या पोरांना चांगली ओळखीची असलेली थ्री-नॉट-थ्री, म्हणजेच ली-एनफील्ड. युद्धातून उरलेली, स्वस्त, आणि काडतुसं भरपूर. ही रायफल बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातही बनायची. २००८ च्या २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईत सीएसटीवर काही पोलिसांच्या हातात हीच होती. त्यामुळे तिच्या म्हातारपणाबद्दल आपल्याला वेगळं सांगायची गरज नाही. (आपल्याकडे .३०३ हा सामान्य माणसासाठी मनाई असलेला बोअर आहे, तेव्हा हा लेख वाचून कोणी काही शोधायला निघू नये.)

आता समजा, न्यूझीलंडमधल्या एखाद्या घरी आजोबांची नंबर ४ मार्कची ली-एनफील्ड आहे. १९४० च्या दशकातली. नळी साधारण २५ इंच, वजन चार किलोच्या वर. नळीचं तोंड झिजलेलं, लाकूड आकसलेलं, आत गंजाचे खड्डे. नातवाला ती घेऊन जंगलात जायचंय. जंगल कसलं, तर फिओर्डलँडसारखं. तिथल्या मिलफर्ड साउंडला वर्षाला साडेसहा मीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्या आंबोलीशी बरोबरी. नेचे, वेली, शेवाळ, पाच पावलांपुढचं दिसत नाही. त्याने काय करावं?

बहुतेक जण काय करतात ते आधी सांगतो. लाकूड घासून वार्निश करतात, धातूला नवा काळा रंग चढवतात, दुर्बीण बसवतात. रायफल फोटोत सुरेख दिसते. पण यातलं एकही काम 'ही रायफल सुरक्षित आहे का' या प्रश्नाचं उत्तर देत नाही. उलट रंग लावल्यामुळे एखादी बारीक चीर असेल तर ती झाकली जाते.

माझं म्हणणं साधं आहे. जुनी वस्तू पुन्हा उभी करताना क्रम असा हवा: आधी मोजा, मग काम ठरवा, मग कमीत कमी बदल करा, आणि मोजमाप 'नाही' म्हणत असेल तर ते 'नाही' मान्य करा. रंग सगळ्यात शेवटी. चारही पायऱ्या सोप्या वाटतात. पण चौथ्या पायरीवर भलेभले घसरतात.

पहिली पायरी, मोजणं. मेट्रॉलॉजी लॅबमधले 'गो' आणि 'नो-गो' गेज आठवतात ना? जर्नल भरण्यापुरते आपण ते हातात घेतो. रायफलमध्ये त्यांचा खरा अर्थ कळतो. .३०३ च्या काडतुसाला मागे कडा असते. ती कडा नळीच्या मागच्या तोंडाला टेकते आणि तिच्या मागून बोल्ट बंद होतो. या दोन पृष्ठभागांमधली जागा म्हणजे हेडस्पेस. ब्रिटिश सैन्याच्या हिशोबात ती कमीत कमी ०.०६४ इंच आणि जास्तीत जास्त ०.०७४ इंच. म्हणजे सगळा खेळ दहा थाऊचा, पाव मिलिमीटरचा. जागा यापेक्षा जास्त झाली तर बार उडताना पितळी केस मागे ताणली जाते आणि बुडाजवळ फाटू शकते. आतला दाब किती, तर या काडतुसाची युरोपीय मर्यादा ३६५ मेगापास्कल आहे. वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३६०० पट. एवढ्या दाबाचा गरम वायू फटीतून मागे आला तर समोर माणसाचा चेहराच असतो.

ली-एनफील्डची आणखी एक गोष्ट म्हणजे बोल्टला अडवणारे लग पुढे नसून मागे आहेत. त्यामुळे बोल्ट झटपट चालतो, जी सैन्याला हवी होती ती गोष्ट. पण बार होताना ताण सगळ्या लांबीवर येतो आणि बॉडी किंचित ताणली जाते. हे ओळखूनच नंबर ४ ला बोल्टचं डोकं वेगळं काढता येईल असं ठेवलं आणि त्याचे ०, १, २, ३ असे चार आकार केले. प्रत्येक आकार आधीच्यापेक्षा सुमारे तीन थाऊने मोठा. झीज झाली की पुढचा नंबर बसवायचा. किती सुंदर डिझाईन आहे बघा! झीज होणारच हे गृहीत धरून तिची सोय आधीच केलेली. आपल्या मशीन डिझाईनच्या पेपरात 'मेंटेनन्स' हा शब्द शेवटच्या प्रश्नाच्या शेवटच्या मार्कापुरता येतो.

पण याच सोयीत एक सापळाही आहे. डोकं बदललं की गेज पास होतो, पण लग झिजलेले असतील तर ते झिजलेलेच राहतात. दोन्ही लग सारखे टेकतात का, हे वेगळं बघावं लागतं. आणि ३ नंबरचं डोकं लावूनही ०.०७४ च्या गेजवर बोल्ट बंद होत असेल, तर ती बॉडी संपली. इथून पुढे कागदाची पट्टी लावून बघू, वेल्डिंग मारून बघू, कमी दारूचं काडतूस वापरू, असले विचार डोक्यात आणायचे नाहीत. जुगाड हा आपल्याकडे कौतुकाचा शब्द झाला आहे. मोटारसायकलच्या इंजिनावर शेतातला पंप चालवला तर कौतुक जरूर करावं. पण ३६५ मेगापास्कलला जुगाड कळत नाही.

मोजण्याचा दुसरा भाग नळीचा. तिचं आतलं तोंड दोन कारणांनी खराब होतं. पहिलं म्हणजे जुनी कॉर्डाइट दारू खूप गरम जळायची, त्यामुळे चेंबरच्या पुढचा भाग झिजायचा. दुसरं कारण रसायनशास्त्राचं. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, जवळपास आपल्या मिठाचंच भावंड. ते हवेतलं पाणी ओढतं आणि नळी गंजते. हे मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून सैनिक नळीत उकळतं पाणी ओतून ती धूत आणि मग तेल देत. ज्याने नुसतं तेल दिलं त्याच्या नळीत खड्डे पडले. याशिवाय नळीच्या पुढच्या तोंडाला दोरीने सफाई करता करता एका बाजूला खाच पडते, ती तिसरी झीज. कोणती झीज कुठे आहे हे वेगवेगळं कळलं तरच इलाज ठरतो. तोंडाची झीज असेल तर कारागीर नळी थोडी कापून नवं तोंड करून देतो. आतली सगळीच नळी गेली असेल तर कापून काहीही फायदा नाही.

दुसरी पायरी, काम ठरवणं. आपल्याला 'शक्य तितकं अचूक' हवं असं म्हणायची सवय आहे. पण टॉलरन्स फुकट मिळत नसतो. दाट जंगलात हरीण दिसतं तेच मुळी तीस-चाळीस मीटरवर, पन्नासच्या पुढे क्वचित. तांबड्या हरणाचं फुप्फुस-हृदयाचं क्षेत्र ढोबळमानाने वीस-पंचवीस सेंटिमीटर व्यासाचं धरा. एखादी झिजलेली रायफल शंभर मीटरवर बारा सेंटिमीटरच्या वर्तुळात गोळ्या मारत असेल, तर पन्नासवर ते वर्तुळ सहाचं होतं. म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी चांगलं. टार्गेट शूटिंगवाल्यासाठी ती भंगार आहे, पण या कामासाठी अजून उत्तम आहे. मात्र कागदावर गोळीचं भोक गोल न उमटता आडवं, लांबट उमटत असेल, तर नळी गोळीला नीट फिरवतच नाही असा त्याचा अर्थ. मग ती पन्नासवरही नको. काम नक्की माहीत असेल तरच 'झिजलेली' आणि 'निकामी' यातला फरक करता येतो.

इथेच एका जुन्या समजुतीचाही निकाल लावू. जगभरच्या शिकाऱ्यांत असं मानतात की जाड, जड आणि संथ गोळी झुडपातून सरळ जाते, आणि पातळ वेगवान गोळी फांदीला लागून भरकटते. अमेरिकेत तर अशा रायफलींना 'ब्रश गन' असंच नाव आहे. ऐकायला बरोबर वाटतं, कारण आपल्या डोळ्यांसमोर सायकल आणि ट्रक येतो. पण गोळी चालते ती भोवऱ्यासारखी. .३०३ ची सैनिकी गोळी सुमारे ७४४ मीटर प्रति सेकंद वेगाने निघते आणि नळीचा पेच दहा इंचाला एक फेरा देतो. भागाकार करून बघा, सेकंदाला २९०० च्या वर फेरे होतात. अशा भोवऱ्याला बोटभर जाडीची फांदी लागली की तो डगमगतो, मग गोळी हलकी असो की जड. वेगवेगळ्या लोकांनी काड्यांच्या रांगांमधून गोळ्या मारून बघितल्या आहेत. कमी-जास्त प्रमाणात सगळ्याच वळतात, आणि कोणती कधी वळेल याचा भरवसा देता येत नाही. खरा फरक पडतो तो फांदी आणि हरीण यांच्यातल्या अंतराने. गोळी फक्त एक अंशाने वळली तर तीन मीटरवर चूक पाच सेंटिमीटरची, पण तीस मीटरवर बावन्न सेंटिमीटरची. पहिल्यात हरीण पडेल. दुसऱ्यात ते पोटात गोळी घेऊन झाडीत जाईल आणि दोन दिवसांनी मरेल, आणि अशा जंगलात ते सापडणारही नाही. म्हणून 'झुडूप फोडणारी' रायफल बनवायच्या नादात नळी बदलणं, बोअर बदलणं हा पैशाचा आणि लोखंडाचा अपव्यय आहे. फट दिसली तर बार टाकावा, नाही दिसली तर टाकू नये. त्या प्रश्नाचं उत्तर वर्कशॉपमध्ये मिळत नाही, ते शिकाऱ्याच्या संयमात असतं.

तिसरी पायरी, कमीत कमी बदल. दाट झाडीत लांब नळी वेलीत अडकते, म्हणून ती पाच इंचांनी कमी करणं समजण्यासारखं आहे. वेग थोडा घटतो, पण पन्नास मीटरवर त्याने काहीही बिघडत नाही. आवाज आणि ज्वाळा मात्र वाढते. पण हलकं करायच्या हौसेला आवर घालायला हवा. याचा धडा खुद्द ब्रिटिश सैन्याने घेतला. १९४४ मध्ये त्यांनी याच रायफलची छोटी आवृत्ती काढली, नंबर ५, जिला सगळे 'जंगल कार्बाइन' म्हणतात. नळी कापली, बॉडीतून आणि नळीवरून जागोजागी धातू खरवडून काढला, वजन सव्वातीन किलोच्या आत आणलं. मग तक्रारी सुरू झाल्या. धक्का फार बसतो आणि लावलेला नेम टिकत नाही. धक्क्याचं गणित तर आपण पहिल्या वर्षालाच करतो. संवेग तेवढाच राहिला आणि वस्तुमान ४.१ वरून ३.२ किलोवर आलं, की खांद्यावर येणारी ऊर्जा पाव पटीहून जास्त वाढते. नेमाचं दुखणं मात्र त्यांना नीट सोडवता आलं नाही आणि १९४७ मध्ये उत्पादन थांबलं. ज्यांनी मूळ रायफल बनवली त्यांनाही खरवडलेल्या धातूने दगा दिला. मग घरच्या घरी ग्राइंडर घेऊन बसलेल्याने काय अपेक्षा ठेवावी?

बाकी बदल छोटे आहेत, पण मोलाचे. लाकूड आकसल्याने नळी हलत असेल तर ते नीट बसवणं, कारण या रायफलची अर्धी अचूकता लाकडात असते. मागची साइट सैन्याने ३०० आणि ६०० यार्डांसाठी ठेवलेली, त्यामुळे पन्नास मीटरवर गोळी वर जाते, म्हणून पुढची माशी उंच करणं. मागच्या साइटचं भोक थोडं मोठं करणं, म्हणजे जंगलातल्या अंधुक उजेडात डोळा आपोआप मध्य पकडतो. आणि दुर्बीण? माझं मत विचाराल तर नको. न्यूझीलंडमध्ये परवाना घेताना सुरक्षेचे सात नियम शिकवतात. त्यातला चौथा नियम सांगतो की लक्ष्य काय आहे याची कसलीही शंका न ठेवता खात्री करा. हा नियम असाच आलेला नाही. झाडीत हललेलं पान हरीण समजून आपल्याच सोबत्याला मारल्याचे अपघात तिथे घडलेले आहेत. रायफलवर दुर्बीण असली की माणूस ओळख पटवायलाही तिचाच वापर करू लागतो, म्हणजे ओळख पटण्याआधीच नळी रोखलेली असते. वेगळी दुर्बीण गळ्यात असावी. आधी बघा, मग रायफल उचला.

आणखी एक. जी रायफल अजून मूळ अवस्थेत आहे, जिचे सगळे नंबर जुळतात, जिला कोणी करवत लावलेली नाही, तिला हात लावू नये. ती इतिहासाची वस्तू आहे. न्यूझीलंडमध्ये कोणीतरी पूर्वीच कापलेल्या .३०३ ढीगभर आहेत. जंगलासाठी त्यातलीच एक घ्यावी. आजोबांची मूळ रायफल कपाटात राहिली तर तिचं काही बिघडत नाही.

इथे कोणी म्हणेल, एवढं सगळं करण्यापेक्षा नवीच का घेऊ नये? प्रश्न रास्त आहे. नळी, लाकूड, साइट, कारागिराची मजुरी असं सगळं धरलं तर पुष्कळदा नवी साधी रायफल स्वस्त पडते. बॉडी शाबूत नसेल तर नवीच घ्यावी, दुमत नाही. पण बॉडी शाबूत असेल, फक्त तोंड आणि लाकूड दुरुस्त करायचं असेल, तर ऐंशी वर्षांपूर्वीचं ते पोलाद आणखी चाळीस वर्षं काम देईल. चांगलं पोलाद म्हातारं झालं म्हणून टाकायचं नाही आणि आजोबांचं आहे म्हणून राखायचंही नाही. त्याला गेज लावायचा आणि गेज काय सांगतो ते ऐकायचं.

मित्रांनो, आपल्यापैकी कोणी न्यूझीलंडच्या जंगलात जाईल न जाईल. पण जुना बॉयलर, जुना पूल, जुनी क्रेन, जुनी लिफ्ट यांच्यापुढे आपण पुढच्या काही वर्षांत नक्की उभे राहणार आहोत. तिथे साहेब म्हणतील, "रंग मारून चालू करा, उद्या इन्स्पेक्शन आहे." मालक म्हणतील, "इतकी वर्षं चाललंय, आता काय होतंय?" बरोबरचे म्हणतील, "सही कर रे, सगळेच करतात." त्या वेळी आपल्या हातात असलेला गेज आत गेला की नाही, हे फक्त आपल्यालाच माहीत असेल. आणि त्या यंत्राजवळ आपण नसू. तिथे कोणीतरी दुसरा माणूस उभा असेल, ज्याला गेज म्हणजे काय हेही ठाऊक नसेल आणि ज्याने आपल्या सहीवर विश्वास ठेवलेला असेल.

ज्याला दुरुस्ती करता येते असे खूप लोक असतात. 'ही दुरुस्त होणार नाही' असं मोजून, लिहून आणि सही करून सांगणारे कमी असतात. लॅबमध्ये पुढच्या वेळी 'नो-गो' गेज हातात येईल तेव्हा रीडिंग शेजारच्याच्या जर्नलमधून उतरवू नका. एकदा तो खरंच लावून बघा.